उद्धवरावांचं अंडं बाकी आहे

वेळापत्रक लावताना प्रज्वलनं कॉम्प्युटरवरच्या सुट्ट्या तपासल्या, भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं बघायचं राहिलं. त्यामुळे चाकणच्या मोटार कारखान्यातली इंग्रजीची तोंडी परीक्षा, विषय 'खाण्यापिण्याचे वाक्प्रचार', बरोब्बर संकष्टीला आली. पहिली शिफ्ट सुटल्यावर निम्मा वर्ग उपाशीपोटी येऊन बसला.

"प्रज्वलसाहेब, तुमच्या घरी उपास धरणारं कुणी न्हाई का हो?" उद्धवरावांनी विचारलं.

एचआरमध्ये लागून आठ महिने झालेला प्रज्वल कान खाजवत राहिला.

उद्धवराव मूळचे केजचे. एकोणीस वर्षं लाइनवर उभं राहून चाकांचे बोल्ट आवळलेले. गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिला होता, बाकीचे उद्धवराव तेवढे कामावर येत होते. आता नव्या पोरांना शिकवायची ट्रेनरची जागा निघाली होती आणि त्या जागेला खुर्ची होती! अट एकच, कामापुरतं इंग्रजी. नापास झालं की वर्षभर पुन्हा लाइन. म्हणून महाळुंग्याच्या खोलीत त्यांनी अशी घोकंपट्टी केली, की त्यांच्या बायको मंजुळाबाई भाकरी थापता थापता "पीस ऑफ केक" म्हणायला लागल्या.

परीक्षा घ्यायला तनुजा मॅडम होत्या. चार वाक्प्रचार, चार वाक्यं.

"हॉट पोटॅटो."

उद्धवराव खुलले. "बटाटा चालतोय आज. ओव्हरटाइम टॉपिक, व्हेरी हॉट पोटॅटो. मॅनेजर नो टच."

"पीस ऑफ केक?"

"अंड्याचा का बिनअंड्याचा?"

"बिनअंड्याचा," मॅडम हसू दाबत म्हणाल्या.

"मग ठीक. व्हील फिटिंग, फॉर मी, पीस ऑफ केक."

"एग ऑन युवर फेस."

उद्धवरावांनी तोंडावर हात ठेवला. प्रज्वल खुर्चीतून अर्धा उठला. हे वाक्य त्यांना झोपेतही येत होतं, कालच म्हणून दाखवलं होतं.

"काका, बोला ना!"

"सकाळपासून बाप्पाचं नाव घेतलंय या तोंडानं. त्यात अंडं कसं घालू? आन् पुढं डुक्कर हाय, मला माहितीय."

पुढे 'ब्रिंग होम द बेकन' होतंच.

"काका, खुर्ची जाईल!"

उद्धवरावांनी गुडघ्यावरून हात फिरवला, क्षणभर छताकडे पाहिलं आणि सुरू केलं, "मॅडम, व्हिजिटर कम. इन फ्रंट, बोल्ट फेल. सुपरवायझर, साबुदाणा ऑन फेस. नेक्स्ट. आय डू ओव्हरटाइम, आय ब्रिंग होम द रताळं. फोर पीपल ईट."

उपाशी वर्ग पोट धरून हसला. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले.

"फजिती काय, घर चालवणं काय, दोन्हींचा अर्थ चोख आहे. ज्याला असं समजावता येतं, तो पोरांना शिकवेल," असं म्हणत त्यांनी चारपैकी चार दिले. "पण ते दोन उपवास सुटल्यावर मूळ शब्दांत ऐकवायचे. उधारी समजा."

"व्हय, शब्द दिला."

दुसऱ्या दिवशी गुरुवार निघाला. शनिवारी मारुती. मग आषाढी, मग अख्खा श्रावण. उद्धवराव खुर्चीत बसून, पाय लांब करून, पोरांना बोल्ट आवळायला शिकवू लागले. वसुलीचं काम अर्थातच प्रज्वलकडे आलं.

काल त्यानं ट्रेनिंग रूमच्या दारातून डोकावून विचारलं, "काका, ते अंडं?"

"हाय की ध्यानात. पण आज एकादशी."

प्रज्वलनं हल्ली टेबलासमोर भिंतीवरचं कॅलेंडर लावून घेतलंय. त्यानं जाऊन बघितलं. होतीच.