फक्त वर जाणारा जिना

मंडळी, रिकाम्या वेळी मी डिजिटल नकाशात यवतमाळचे जिने भरत बसतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. संस्कृत शिकलेल्या माणसाला सोपानाचा मोह सुटत नाही, असं समजा.

आज बोरी अरब गावच्या शेतकरी गजाननभाऊंना घेऊन एका नव्या संकुलात डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. गेल्या हंगामात कपाशी फवारताना भाऊंना विषबाधा झाली. जीव वाचला, नजर धूसर झाली.

संकुलात सरकता जिना एकच, तोही वर जाणारा. गिऱ्हाईक वर पोचलं की दुकानदार निश्चिंत. नकाशात मी त्याला वरचा बाण दिलाय. शेजारच्या साध्या जिन्याला बाण नाही, कारण तो दोन्हीकडून चालतो.

डॉक्टर म्हणाले, आता यापेक्षा जास्त दिसणार नाही.

परतताना भाऊ साध्या जिन्याच्या तोंडाशी थबकले. "सारं सपाट दिसून राह्यलं."

मी हात पुढे केला.

"राहू द्या पंडित. पुढच्या खेपेले एकटाच येईन मी, तवा कोन धरन?"

मग ते खाली बसले आणि पायरीपायरीने बसूनच उतरले. चढणारे लोक अंग चोरून वाट देत होते.

खाली आल्यावर पायजमा झटकत म्हणाले, "या जिन्यालेबी वरचाच बाण टाका. चढतानी पायाले पायरी लागते. उतरतानी काईच नाई लागत."

घरी येऊन नकाशा उघडून बसलोय. बाण टाकला तर नकाशा तुमच्यासाठी खोटा, नाही टाकला तर भाऊंसाठी. काय करू?