नियम तिसरा : सरकारी हस्तक्षेप

आंतरराष्ट्रीय क्रिकेटचा कारभार मुळीच अवघड नसतो. मी तो एक अख्खा दिवस चालवला आहे.

दिवाळीनंतर सावली तालुक्यातल्या आमच्या गावी मंडईची जत्रा भरते, घर पाहुण्यांनी भरतं आणि धान कापलेल्या बांधीत 'घरचे विरुद्ध पाहुणे' सामना होतो. पाहुणे म्हणजे माझी सासुरवाडी. गेल्या वर्षी माझा साळा सुनील स्वच्छ आऊट होता; पण बांधीच्या कडेला धुऱ्यावर खुर्ची टाकून बसलेले सासरे ओरडले, "नाई, नाई! राहू द्या पोराले!" आणि बक्षिसाचा पितळी गडवा वैनगंगा ओलांडून गडचिरोलीला गेला. जावयाची सगळी इज्जत त्या गडव्यात!

म्हणून यंदा मी थेट जागतिक मंडळाची पद्धत आणली. तिथं एखाद्या देशाच्या सरकारनं क्रिकेटमध्ये लुडबुड केली, की त्या देशाचं मंडळ निलंबित होऊ शकतं! मी नियम लिहिले. पहिला : अध्यक्ष मीच. (बिनविरोध. मतदारही मीच.) दुसरा : पंच तटस्थ. म्हणजे माझी बायको वंदना. इथली सून, तिथली लेक. तिसरा : घरातलं सरकार म्हणजे वडीलधारी; ती निकालात बोलली, की त्यांची बाजू निलंबित. हा नियम मी सासऱ्यांकडे बघत दोनदा वाचला. ते सुपारी कातरत राहिले.

शेवटचा चेंडू. हवे दोन, बॅट माझ्या हाती. मी डोळे मिटून हाणला आणि चेंडू थेट धानाच्या पुंजण्यात! सुनील पेंढ्या उपसू लागला. मी दुसऱ्या धावेला झेप घेतली, तेवढ्यात त्याचा चेंडू स्टंपवर आदळला. सगळे वंदनाकडे बघू लागले. तिनं तोंड उघडलं, पण आवाज आला धुऱ्यावरून. माझी माय!

"माया पोरगा जितला! देऊन टाक वो त्याले गडवा!"

"माय, चूप बस ना!"

"काऊन चूप बसू? बांधी माई, पोरगा माया!"

वंदनानं शांतपणे माझाच कागद उघडला. "नियम तिसरा. घरचे निलंबित."

"अवं, तो तुह्या बाबासाठी लिवला होता!"

"त्याईचं नाव कुठी हाय याच्यात?"

गडवा अध्यक्षांच्या हस्ते द्यायचा, हेही मीच लिहून ठेवलेलं! मी तो उचलला आणि सुनीलकडे वळलो, तोच धुऱ्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. माय सगळ्यांना सांगत होती, "म्या म्हटलं नव्हतं? पाहा, गडवा कोणाच्या हाती हाय!"

खरं काय ते तिला सांगायला हवं होतं. पण सरकारपुढे तोंड उघडायची आजवर कुठल्या अध्यक्षाची टाप झाली आहे!