टाकीत थोडं पाणी आहे

कशेळीच्या गोदामात धम्मदिना ऑफिसचं काम बघायची. शिक्षण दिघाशीच्या मराठी शाळेत, पुढे भिवंडीत बी.कॉम. बोलायला फटकळ, ट्रकवाल्यांशी हिंदीतून हुज्जत घालणारी. पण बेंगळुरूच्या हेड ऑफिसला इंग्रजीत मेल लिहायचा म्हटलं की तिची बोटं अडखळायची.

मे महिन्यात बोअरिंग आटलं. पत्र्याखाली माणसं भाजून निघत होती. एके दिवशी सकाळीच हेड ऑफिसचा मेल आला: पिण्याच्या पाण्याचं कळवा, नसेल तिथेच आज टँकर जाईल. धम्मदिनाने टाकीचं झाकण उचललं. तळाशी जेमतेम पाणी. थोडंच आहे, असं मनात जुळवून तिने लिहिलं, 'देअर इज अ लिटल वॉटर.' शाळेत बाई सांगायच्या, 'अ' विसरू नका. तिने तो आठवणीने घातला.

टँकर आलाच नाही. दुपारी टाकी कोरडी पडली. तिने फोन केला, तर "मेल करा" एवढंच. मेल केला, तर उत्तर आलं: पाणी असल्याचं तुम्हीच कळवलंय, आता उद्या. शेजारच्या गोदामातून ती हंडा भरून आणेपर्यंत माल चढवणारा राकेश खोक्यांवर कोसळला होता.

तो वाचला. पण उन्हात पाण्याविना राहिल्याने किडनीला मार बसला. ओझं उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

हेड ऑफिसातल्या अदितीचा फोन आला. "अगं, तो 'अ' कशाला घातलास? नुसतं 'लिटल वॉटर' म्हणजे नसल्यात जमा. 'अ लिटल' म्हणजे थोडं आहे, भागेल."

"मग साहेबांना सांग ना, मला काय म्हणायचं होतं!"

"सांगितलं गं. ते लिहिलेलंच धरतात."

आठवड्याने राकेशची बायको करिष्मा गेटवर आली. "ताई, सायेब सांगतात, तुमीच लिवलं पानी हाय म्हणून. खरं हाय का?"

"पाणी नव्हतं गं."

"मंग तसं का न्हाय लिवलं?"

करिष्मा गेटवरूनच माघारी गेली.

राकेशचं काम सुटलं. कागदोपत्री धम्मदिनाला कोणी बोल लावला नाही. उलट चौकशीत शेरा आला, गोदामाने वेळेत कळवलं होतं. आता पाणी असो, सामान असो, माहिती असो, किती आहे हे लिहायची वेळ आली की ती आधी अदितीला विचारते. अदिती रजेवर असली की मेल तसाच पडून राहतो.