दिवसभर न बदलणारी यादी

गोपाळकृष्ण सांगलीहून रोज पहिल्या एसटीने साखर कारखान्यावर येई. संगणक विभाग म्हणजे तो आणि एक कुरकुरणारा पंखा. पीएचपी ही भाषा तो पुस्तकावरून स्वतःच शिकला होता आणि ऊसतोडणीचा क्रम दाखवणारं कारखान्याचं पान त्यानं एकट्यानं बांधलं होतं.

हंगाम सुरू झाला की ते पान कोसळे. चार तालुक्यांतले शेतकरी घडीघडी आपला नंबर बघत आणि सर्व्हर प्रत्येकासाठी सगळी यादी नव्यानं जुळवत बसे. यंदा पान बंद पडलं तर वजनकाट्यावर बदली, असं अध्यक्षांनी हसत सांगितलं होतं. ते हसून सांगत तेच खरं होई.

म्हणून त्यानं एक साधा कॅशे लिहिला. पहिल्या माणसानं विचारलं की पान तयार करायचं, फाइलीत ठेवायचं, पुढच्या सगळ्यांना तेच द्यायचं. वीस-बावीस ओळी. प्रश्न एकच, फाइल शिळी कधी समजायची? कारखान्याच्या नियमात लिहिलं होतं की क्रम रोज सकाळी सहाला एकदाच ठरतो. त्यानं फाइलीला सकाळी सहा ते दुसऱ्या सकाळी सहा एवढं आयुष्य दिलं. नियम वाचून कोड लिहिला, एवढीच त्याची चूक.

पान झटक्यात उघडू लागलं. चौथ्या दिवशी दुपारी बनुबाई नावाच्या ऊस उत्पादक शेतकरी हातातला फोन पुढे धरूनच अध्यक्षांच्या केबिनमध्ये शिरल्या. संचालक वीरधवल तिथंच चहा घेत होते. त्यांच्याकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या,

"आवं सायेब, ह्यात सकाळपासनं माझा अकरावा नंबर हाय, आन् धाव्याचा ऊस तोडून झाला. मग तोडणीची टोळी ह्यांच्या भाच्याच्या फडात कशी?"

पान जुनं दिसतंय, संगणकाचा घोळ असेल, असं वीरधवल म्हणाले. गोपाळकृष्णला बोलावणं गेलं. यादी बदलली की पानही बदललं पाहिजे, अध्यक्षांनी बजावलं.

"होईल साहेब. बदल झाला की फाइल पुसायची, दोन ओळींचं काम आहे," तो म्हणाला. "पण आज सकाळपासून यादी त्रेसष्ट वेळा बदललीय. पान परत कोसळेल."

तो खरोखरच फक्त सर्व्हरबद्दल बोलत होता.

बनुबाईंनी वीरधवलांकडे सावकाश पाहिलं. "त्रेसष्ट? लय राबताय की वो तुमी."

संध्याकाळी टोळी बनुबाईंच्या फडात गेली आणि दुसऱ्या दिवशी गोपाळकृष्ण वजनकाट्यावर. त्याच्या खुर्चीत वीरधवलांचा भाचा जयराज बसला. फाइल पुसण्याच्या त्या दोन ओळी लिहायच्या राहिल्या होत्या आणि त्याला पीएचपी येत नव्हतं. पान बंद पडलं तर बदली, ही तंबी त्यालाही मिळाली होती, त्यामुळे चालत्या कोडला हात लावायची त्याची छाती झाली नाही. शेतकरी आता फोन पुढे धरत, म्हणून टोळ्यांचे मुकादमही फोनवरचं पान बघूनच फडात उतरू लागले. संचालक दुपारभर यादी बदलत राहिले, पण ती बदललेली यादी हंगाम संपेपर्यंत एकट्या सर्व्हरलाच दिसत होती.