चाचांचा उलटा हात

आमच्या बार्शीटाकळीच्या शाळेत प्रोजेक्टर दुरुस्त करायला अकोल्याहून एक चाचा येतात. कुठल्याही यंत्राला ते आधी उलट्या हाताने शिवतात, तापलेलं कपाळ पाहावं तसं.

परवा कार्यक्रमाला पाहुणे येऊन बसले होते. चाचा प्लग न्याहाळत थांबले. दोन भोकांच्या बोर्डात बसेना म्हणून त्याची अर्थिंगची पिन मीच तोडली होती.

"चाचा, करा न चालू. पाहुणे खोळंबले."

"थांबू द्या, सर. पोट्टे हात लावतात याले."

त्यांनी प्लग लावून प्रोजेक्टरच्या पत्र्याला टेस्टर टेकवला. टेस्टरचा दिवा लागला. पिशवीतून नवी वायर, नवा बोर्ड काढून ते खाली बसून जोडू लागले.

पाहुण्यांसकट सगळा हॉल त्यांचे हात पाहत होता. मी माझे पाहत होतो.