तुझ्या आईला सांग

"तुझी आई आमचे संडास धुवायची. त्यात मिरवण्यासारखं काय आहे?"

हे मला कुणी तोंडावर बोललं नाही. मोबाईलवर आलं. दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर, सगळ्यांच्या देखत. मी चिकलठाण्याला औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये काम करते. जेवणाची सुट्टी होती. कॅन्टीनमध्ये ताट पुढ्यात घेऊन बसले होते. एका हातात घास, एका हातात मोबाईल. घास परत ताटात ठेवला.

लिहिणारी मंजिरी. माझ्याच वर्गातली. माझ्या पुढच्या बाकावर बसायची.

त्या ओळीखाली कुणीतरी हसणारं तोंड टाकलं. मग दुसऱ्यानं टाकलं. मग एकानं पॉपकॉर्न खाणाऱ्या माणसाचं चित्र टाकलं. म्हणजे आता मजा येणार. बसा बघत.

समोर शाहीन जेवत होती. लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर असते ती. म्हणाली, "क्या हुआ? मुंह कायकू उतरा?"

मी मोबाईल उलटा ठेवला. "काय नाय," म्हणाले.

हे कुठून सुरू झालं ते सांगायला पाहिजे.

छावणी भागात आमची शाळा होती. मंजिरीची आई तिथं मराठी शिकवायची. माझी आई तिथंच झाडायची, टाक्या भरायची, संडास धुवायची. आमच्या दोघींच्या आया एकाच इमारतीत. मंजिरीच्या आईला सगळे बाई म्हणायचे. माझ्या आईला कौसा म्हणायचे. पाचवीतलं पोरगंसुद्धा म्हणायचं, "ए कौसा, पाणी सांडलंय."

आई मला शाळेत ओळख दाखवायची नाही. तिचं तिनंच ठरवलं होतं. "तिथं मला हाक मारू नको. तू शिकाया जातीस, मी कामाला जाते." बादली घेऊन माझ्या अगदी शेजारून जायची, नजर फरशीवर. तिच्या लुगड्याला फिनाईलचा वास यायचा. तेवढीच आमची भेट.

मंजिरीची आई मधल्या सुट्टीत वर्गाच्या दारात यायची. मंजिरीची वेणी सुटलेली असायची, नसली तरी बाई ती सोडायच्या. दातात रिबीन धरून, सगळ्यांसमोर, सावकाश परत घालायच्या. मंजिरी कंटाळल्यासारखं करायची. "आई, पुरे ना."

मी डबा उघडा ठेवून बघत बसायचे. मंजिरीचं दप्तर मला नको होतं, तिचे बूट नको होते. मला ते दारातलं उभं राहणं पाहिजे होतं. आपल्या आईनं सगळ्यांच्या देखत आपल्याला हात लावावा, एवढंच. तेव्हापासून मी मंजिरीवर जळते. लहान होते म्हणून जळत होते असं नाही. आजही जळते.

आणि मुलींच्या संडासातून वास यायला लागला की वर्गात कुणीतरी मागं वळायचं. माझ्याकडं बघायचं.

"तुझ्या आईला सांग ना."

मंजिरी पण म्हणायची. गोड आवाजात, "प्लीज" लावून. रागानं म्हणाली असती तर भांडता आलं असतं. घाण केलेली असायची आमच्यातल्याच कुणीतरी. मान खाली जायची माझी. माझी जात वर्गात कुणी उच्चारत नव्हतं. गरजच पडत नव्हती. वास आला की सगळ्यांना ती आठवायची.

मी शिकले. बीएस्सी केलं, नोकरी लागली. उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांचं घर घेतलं. आईला घेऊन राहते. मग एक दिवस संजयनं मला ग्रुपमध्ये घेतलं. संजय आमच्या वर्गाचा मॉनिटर होता, ग्रुपचा ॲडमिन पण तोच. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. माझ्या नावाखाली सगळ्यांनी फुलं टाकली होती.

मंजिरी पुण्याला असते. ग्रुपवर लिहायची. पावसावर, पुस्तकावर, मुलीच्या शाळेवर. तिनं काही टाकलं की लाल बदामांची रांग लागायची. "मंजू, डोळ्यांत पाणी आणलंस." "मंजू, छापून आण." मी काही टाकलं की एक अंगठा. तो पण संजयचा. तो सगळ्यांनाच द्यायचा.

मग ठरलं की जुन्या शिक्षकांचा सत्कार करायचा. मंजिरीनं तिच्या आईवर लिहिलं. बाईंच्या खडूनं माखलेल्या बोटांवर. घरी आल्यावर भाकरी थापताना पण नखात खडू असायचा म्हणे. मी ते कंपनीच्या बसमध्ये वाचलं. परत वाचलं. कुठंतरी चूक सापडावी म्हणून वाचत होते. सापडली नाही. चांगलं लिहिलं होतं. वाईट असतं तर मला इतका त्रास झाला नसता.

तेव्हा माझ्या मनात आलं, माझी आई पण तिथंच होती. मग मी लिहिलं. बसमध्ये रोज थोडं थोडं. लिहायचे, पुसायचे. माझ्या आईच्या बोटांवर काय होतं ते लिहिलं. ॲसिडनं कातडी सोलायची, मग आई भाकरी डाव्या हातानं थापायची. "आपण घंटा झाल्यावर शाळेत यायचो. त्याच्या आधी शाळा माझी आई उघडायची," असं शेवटी लिहिलं आणि पाठवलं.

सगळ्यांनी वाचलं. निळ्या खुणा दिसत होत्या. कुणी काही बोललं नाही. त्याच्याखाली एकाचा वाढदिवस निघाला, केकची चित्रं आली. माझी आई केकच्या वर वर सरकत दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी संजयनं लिहिलं, "छान. पण ग्रुप शाळेच्या आठवणींसाठी आहे. वैयक्तिक नको."

मी लिहिलं, "माझी आई शाळेतच होती."

मंजिरी मध्ये आली. "प्रत्येक गोष्टीत बरोबरी कशाला? माझ्या आईनं पिढ्या घडवल्या."

"ज्या वर्गात घडवल्या तो वर्ग कोण झाडत होतं?"

त्यावर तिची ती संडासाची ओळ आली. जेवणाच्या सुट्टीत. ताट पुढ्यात असताना.

शाहीनला मी काय नाय म्हणाले खरं, पण मोबाईल परत उचलला. मी लिहिलं, "तुझा नवरा का पळाला ते आता कळलं."

नवरा तिला सोडून गेला हे मला कुणाकडून तरी कळलेलं होतं. आत जपून ठेवलं होतं. मंजिरीचं काहीतरी मोडलेलं आहे, ह्या एका बातमीवर मी किती दिवस गोड झोपले होते.

तिनं लिहिलं, "फुकटात शिकलेल्यांनी अक्कल शिकवू नये."

"तुझी पण फी माफच होती. बाईंची पोरगी म्हणून."

"माझ्या आईच्या नोकरीला मान होता."

"म्हणूनच तुझ्यात एवढा माज आहे. नवऱ्याला पण तोच झेपला नसेल."

मग तिनं लिहिलं, "जळकुटी. शाळेत पण अशीच बघत बसायचीस. डबा उघडा ठेवून."

मला वाटलं होतं ते माझं एकटीचं आहे. तिला माहीत होतं. पाठमोरी बसून, मान वाकवून, केस विंचरून घेताना तिला माहीत होतं की मागं एक पोरगी जळते आहे. कदाचित तिला ते आवडत पण असेल. संडासावरून बोलली ते मला एवढं लागलं नव्हतं. हे लागलं. अंगावरचं कापड कुणी ओढावं तसं झालं.

मी पुढं जे लिहिलं ते इथं लिहीत नाही. शिव्याच होत्या. तिनं पण दिल्या. तिच्या शिव्या शुद्ध मराठीत होत्या. त्याचा पण मला हेवा वाटला.

शाहीननं माझ्या हातावर हात ठेवला. तिनं मोबाईल घेतला, वर सरकवत वाचलं. तिला मराठी वाचता येतं. मग हळू म्हणाली, "बस कर. वो लोगां तमाशा देख रहे."

मी बघितलं. खरंच. आमच्या दोघींच्या ओळींच्या मध्ये मध्ये सगळे बसले होते. हसणारी तोंडं. टाळ्या. एकानं लिहिलं होतं, "आज कुस्ती फ्री." एकानं लिहिलं, "बायकांचं भांडण, मध्ये पडू नका." ही पोरं माझ्याबरोबर प्रार्थनेला उभी राहिलेली. आता कुणी वकील, कुणी बँकेत. "मंजिरी, हे चूक आहे," असं एकानं पण लिहिलं नव्हतं. तिच्या नवऱ्याबद्दल मी बोलले तेव्हा मलाही कुणी अडवलं नव्हतं. उलट तिथंच सगळ्यात जास्त हसले होते.

ह्यांच्या बदामांसाठी मी बसमध्ये बसून लिहीत होते.

घरी गेले. आईनं विचारलं तेव्हा सगळं वाचून दाखवलं. शिव्या सोडून. आई शेंगा निवडत होती. हात थांबले नाहीत.

"धुवायची व्हय," ती म्हणाली. "खोटं काय लिवलं तिनं? धुतले. पगार घेतला. घाण करणारानं मान खाली घालायची का काढणारीनं, ते तूच ठरीव."

मी मोबाईल खाली ठेवला.

"पर तिच्या नवऱ्याचं कशाला काढलं? तो गेला त्यात तिचा काय गुन्हा? तुझा बाप गेला तवा लोकं मला असंच बोलले. मीच नीट नांदत नव्हते, म्हनून गेला म्हनले."

माझा बाप आम्हाला टाकून जालन्याला दुसऱ्या बाईकडं गेला होता. मंजिरीला मी मारलं ते ह्याच दगडानं. घरातलाच दगड होता. मला उचलताना कळलं नाही.

दोन दिवसांनी संजयचा फोन आला. समजूतदार आवाज होता. "हे बघ, ग्रुपचं वातावरण खराब होतंय. दोघींनी ग्रुपवर एकमेकींची माफी मागा, विषय संपवा. आणि मी कमिटीशी बोललोय. कार्यक्रमात काकूंना पण शाल देऊ."

माझ्या आईला तो पहिल्यांदा काकू म्हणाला.

"स्टेजवर?" मी विचारलं.

"स्टेजवर शिक्षक आहेत. जागा कमी पडते. काकूंना खाली पहिल्या रांगेत बसवू. शेवटी पाच मिनिटं काढू ना. मंजिरीच्याच हातानं देऊ शाल, म्हणजे छान मेसेज जाईल."

मी लगेच नाही म्हणाले नाही. सांगते ते खरं सांगते. मला मोह झाला. आईच्या अंगावर शाल, समोर सगळी बॅच, फोटो. मंजिरीला माझ्या आईपुढं वाकावं लागेल. तेवढ्यासाठी मी माफी मागायला तयार झाले होते. म्हणाले, आईला विचारते.

आईला विचारलं. तिनं थोडा वेळ विचार केला.

"बाईंच्या शेजारी खुर्ची आसंल तर येते," ती म्हणाली. "खाली बसायचं तर घरीच बरं. तिथं जलमभर खालीच बसले मी. जिन्याखाली."

मी संजयला फोन करून तेच सांगितलं. शेजारी खुर्ची. तो हसला. "अगं, असं कसं? शिक्षक आणि शिपाई एका रांगेत बसवले तर बाईंना काय वाटेल?"

मी फोन ठेवला आणि ग्रुपवर लिहिलं. ह्या वेळी पुसलं नाही. लिहिलं ते असं:

"मंजिरी, तुझ्या नवऱ्याबद्दल लिहिलं ते मी मागं घेते. तो गेला ह्यात लाज तुझी नाही. माझा बाप पण गेलेला आहे. हे मी संजयनं सांगितलं म्हणून लिहीत नाही. माझी आई कौसाबाई शाळेचे संडास धुवायची. घाण आपली होती, म्हणजे तुमची आणि माझी. ती तिची नव्हती. तू मला जळकुटी म्हणालीस. खरं आहे. मी जळत होते आणि जळते. तुझी आई तुला वर्गात येऊन हात लावायची. माझ्या आईला तो हात लावायची चोरी होती. ती चोरी कुणामुळं होती, हे तुम्ही सगळ्यांनी एकदा विचारा स्वतःला. शाल नको. खालच्या रांगेत आई येणार नाही."

सगळ्यांनी वाचलं. मंजिरीनं पण. काही वेळ वर 'मंजिरी टाईप करत आहे' दिसत राहिलं. मग गेलं. परत आलं. परत गेलं. काही आलं नाही. त्याच्या थोड्या वेळानं ग्रुपवर एक ओळ उमटली. आता ह्या ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात.

कार्यक्रम झाला. संजयनं फोटो टाकले. बाई स्टेजवर, मधल्या खुर्चीत. केस पांढरे झालेत. मंजिरी पाठीमागं उभी, आईच्या खांद्यावर हात ठेवून. मी फोटो मोठा करून बघितला. आई म्हणाली, दाखव. तिनं लांब धरून बघितला. "बाई थकल्या," म्हणाली आणि कुकर लावायला उठली. तिला त्रास झाला नाही. मला झाला. छातीत तसंच जळलं, पूर्वीसारखंच.

पण आता मी त्याला वाईट म्हणत नाही. आपल्याला काय मिळायला पाहिजे होतं ते ह्या जळण्यामुळंच मला कळलं. ते मिळालं नाही तोवर हे विझवायचं नाही मला. कुणाच्या माफीनं नाही, कुणाच्या शालीनं नाही.

मी ग्रुप सोडलेला नाही. संजयनं मला काढलं तर काढू दे. कंपनीत आता कुणी विचारलं, आई काय करायची, तर मी आधीच सांगते, सगळ्यांसमोर, चहा पिता पिता. कुणाच्या हातात ते मला फेकून मारायला उरू देत नाही. आणि परत कधी भांडायची वेळ आली तर भांडणार. कुणाचा मोडलेला संसार हातात घेऊन नाही. ज्यानं माझ्या आईला खाली बसवलं त्याचं नाव घेऊन, खुर्ची मागत भांडणार. शेजारची खुर्ची. त्या खुर्चीपेक्षा कमी काही घेणार नाही.