पंखा बंद, रेल्वे चालू

आटपाट नगर नव्हतं, नवीन पनवेल होतं. तिथे माझा नातू महेश राहायचा, न्हावा शेव्याला कंटेनरचं काम बघायचा. त्याचे दोन मित्र. जोशी कॉलेजात शिकवायचा, आणि जुन्या पनवेलचा सलीम कुवेतला नोकरीला होता. चौथी मी, या सगळ्यांना चहा देणारी. महेशचे आईबाप लवकर गेले. त्याचं लग्न माझ्या हातून व्हावं, एवढंच माझं मागणं. पण सलीमने रजेवर येताना परदेशातून रेल्वेचा खेळ आणला, आणि घरात किस्से असे साठत गेले की एक आवरायला घ्यावा तर त्याच्याखाली दुसरा सापडायचा!

*

खेळ म्हणजे मोठा नकाशा, मधमाशीच्या पोळ्यासारख्या घरांचा. त्यावर रूळ टाकायचे, कंपन्या काढायच्या, एकमेकांचे शेअर घ्यायचे. सकाळी बसलेली माणसं दिवेलागणीला उठायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, यांचा फासा हरवलाय. मी सोफ्याखाली झाडू घातला.

"आजी, काय शोधताय?" जोशी म्हणाला.

"तुमचा फासा, बाला."

"यात फासा नसतो. नशीबच नसतं यात!"

"मंग हरल्यावर बोल कोणाला लावाचा?"

"स्वतःला!"

झाडू माझ्या हातातच राहिला. स्वतःला बोल लावायला माणसं सुट्टीच्या दिवशी हौसेने जमतात, हे मी आधी कुठे पाहिलं नव्हतं.

*

एकदा मी स्वयंपाकघरात होते. बाहेर बोंब उठली, "गंजली! सगळ्यांची गाडी गंजली!"

मला वाटलं, खाली लावलेल्या स्कूटरी. तेलाची बाटली घेऊन धावले. तर गंजली होती ती टेबलावरची आगगाडी! कुणी नवी मोठी गाडी विकत घेतली, की सगळ्यांच्या जुन्या गाड्या त्याच क्षणी भंगारात. आत्ता कमावत होती, आत्ता गेली.

"थोरा तेल घालून चालेल का?" मी विचारलं.

सलीम हसून हसून खुर्चीवरून घसरला. मला मात्र त्या भंगारातल्या गाडीची फार दया आली.

*

दुसऱ्या रविवारी जोशीने आपल्याच कंपनीचे शेअर विकून टाकले. कंपनीला गाडी नाही, तिजोरीत दमडी नाही. आता सगळ्यांत जास्त शेअर उरले महेशकडे, म्हणून ती कंपनी त्याच्या गळ्यात पडली. नवी गाडी त्याने स्वतःच्या खिशातून घ्यायची. खिसा पुरला नाही की दिवाळं, आणि एकाचं दिवाळं निघालं की डावच संपला.

"अभिनंदन, मालक!" जोशीने हात पुढे केला.

महेश डोकं धरून बसला. मालक झाल्यावर रडणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला!

*

मग सलीमची रजा संपली आणि नवा मांडलेला डाव अर्धाच राहिला. "आजी, टेबलाला हात नका लावू हां, खुदा के वास्ते," तो विमानतळाकडे निघताना म्हणाला. "मी फोनवरून खेळीन."

आधी आमची भातशेती शहरात गेली, आता टेबल रेल्वेत गेलं! आम्ही खाली बसून जेवायला लागलो. आणि पंखा बंद. वाऱ्याने खेळातल्या नोटा उडतील म्हणून! पनवेलचा मे महिना, आणि पंखा बंद.

त्यात विचुंब्याहून एक पाहुणे मुलीसाठी स्थळ बघायला आले. त्यांनी घाम पुसत बटणाकडे हात नेला, तोच महेश ओरडला, "पंखा नको!"

चार दिवसांनी निरोप आला. "बाकी सगलं बरां हाय, पन पोऱ्या पंख्याला घाबरतो."

मी देवापुढे जाऊन बसले. या मुलाचं काय होणार?

*

मग उरणचं स्थळ आलं. मुलगी योगिता, पुण्याला हॉस्टेलात राहून शिकलेली. वडिलांबरोबर स्वतःच आली. "राहायचंय मला, मग घर मीच बघते," म्हणाली. मी पोहे केले. सगळे खाली चटईवर बसले. तिच्या वडिलांचा सदरा घामाने भिजला होता. माझा जीव टांगणीला.

तेवढ्यात फोन वाजला. कुवेत! महेश तो बंद करायला गेला.

"उचला ना," योगिता म्हणाली. महेशने फोन स्पीकरवर लावून टेबलावर ठेवला. ती उठून टेबलाशी गेली, आणि कमरेवर हात ठेवून नकाशा बघत राहिली. "लाल कंपनी कुणाची?"

"सलीमची," महेश म्हणाला. "गाडी गंजलीय त्याची, तिजोरीही रिकामी."

"आणि लालचे बाकीचे शेअर?"

"माझ्याकडे."

"हॉस्टेलात रात्र रात्र खेळायचो आम्ही हा," म्हणत ती फोनवर वाकली. "सलीमभाई, लालचे विकता येतील तेवढे शेअर विका."

पलीकडे भराभर हिशोबाची पुटपुट ऐकू आली. मग सलीम ओरडला, "विकले! सगळे विकले!"

महेशचा चेहरा पांढराफटक. लाल कंपनी त्याच्या गळ्यात! त्याने आपल्या नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि हात जोडले. दिवाळं!

"संपला डाव," योगिता म्हणाली. "आजी, टेबल मोकळं झालं. पोहे वर घ्या. आणि पंखा लावा, बाबांना किती घाम आलाय."

मी बटण दाबलं. नोटा घरभर उडाल्या. महेश बघत होता, पण नोटांकडे नाही. त्याला असं हसताना मी कितीतरी दिवसांनी पाहिलं.

फोनमधून सलीम ओरडतच होता, "अरे, ही आहे कोण? कुणी सांगेल का मला?"

मी फोनला तोंड लावलं.

"मालकीन हाय रं, मालकीन!"